हुरडा गोड लागला म्हणून

नाताळच्या करंज्या डब्याच्या तळाशी गेल्या की आमच्या नगरभोवती हुरड्याचे फ्लेक्स उगवतात. मनमाड रस्त्यानं जा नाहीतर पुण्याच्या, जिकडंतिकडं तेच. 'अस्सल गावरान हुरडा, निसर्गाच्या कुशीत.' खाली फेटा बांधलेला, गॉगल लावलेला एक मालक हात जोडून उभा. याच्या हाताला कधी खुरपं लागलं असेल तर माझं नाव बदला. बाजूला बैलगाडी, घोडा, झोका आणि पाण्याच्या घसरगुंडीचं चित्र. हुरड्याचा आणि घसरगुंडीचा काय संबंध, ते विचारायचं नाही. मला हे फ्लेक्स बघितले की मळमळतं. सून म्हणते, आई, तुमचं पित्त वाढलंय, रिकाम्या पोटी चहा घेऊ नका. मी बरं म्हणते. पित्ताला निदान मेडिकलमध्ये गोळी मिळते.

हुरड्याशी माझं वैर नाही. माझे वडील नेवाशाकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. घोडेगावच्या बाजाराला निघालेली जनावरं आमच्या दारावरून जायची. थंडी पडली, शाळू चिकात आला, ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं की कुणीतरी रस्त्यावरूनच हाक मारायचं, "मास्तर, लेकरं घेऊन या वावरात." मग आम्ही जायचो. बांधालगत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, विस्तवात खुपसलेली कणसं. भाजलेलं कणीस बाहेर काढलं की ते चोळणारी बाई तळहात भाजला तरी चोळत राहायची आणि हिरवे, ऊन ऊन दाणे आमच्या ओंजळीत टाकायची. जवसाची चटणी, गुळाचा खडा, एखादं बोर. कुसं मानेत शिरायची आणि दोन दिवस खाजायचं. धुराचा वास केसांतून जायचा नाही, आणि तो जावा असंही वाटायचं नाही. हुरडा विकायची वस्तू आहे हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

पण एका जानेवारीतला हुरडा माझ्या घशात अडकलाय. तो अजून खाली उतरत नाही.

तेव्हा मी सावेडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. सावेडी तेव्हा वाट फुटेल तशी वाढत होती. आज बंगला दिसायचा तिथं पुढच्या वर्षी तीन मजले, आणि त्याच्या पुढं जिथं परवापर्यंत ज्वारी होती तिथं चुन्याच्या रेघा. एमआयडीसीत काम मिळतं म्हणून पाथर्डी-शेवगावकडची माणसं येत होती, दवाखाने वाढले म्हणून नर्सा येत होत्या, शाळा चांगल्या म्हणून गावाकडचे पाटीलसुद्धा मुलांसाठी इकडं बिऱ्हाड करत होते. या सगळ्यांनी राहायचं कुठं, ते ठरवण्यासाठी आमच्या भागाचा विकास आराखडा निघाला. नाव मोठं, पण गोष्ट साधी आहे. घरात लग्न काढलं की आपण आधी विचारतो, पाहुणे किती आणि झोपणार कुठं. पुढच्या वीस वर्षांत किती माणसं येतील, त्यांना किती जागा लागेल, ते बघायचं आणि तेवढी जमीन आत्ताच घरांसाठी धरून ठेवायची. नकाशात घरांची जमीन पिवळी, शेतीची हिरवी. पाचवीतली मुलगीसुद्धा हे रंगवू शकते. आमच्या मोठ्यांना मात्र ते जमलं नाही.

मला या भानगडीत ओढलं ते मंगलनं. मंगल माझी विद्यार्थिनी. मी वर्गात ओल्या मातीचा डोंगर करायचे, त्यावर तांब्यानं पाणी सोडायचे आणि विचारायचे, सांगा, पाणी कुठं जाणार. तो तांब्या धरायचा मान मंगलचा असायचा, कारण ती पाणी एका धारेत सोडायची, भसकन ओतायची नाही. वर्गातल्या पोरी मला एक गोष्ट सांगायच्या. मी व्हरांड्यात असतानाच त्यांना कळायचं की भूगोलाचा तास आला, कारण माझ्या आधी माझ्या साबणाचा वास यायचा. चंदनाचा साबण, आईपासून चालत आलेला, मी तो अजून बदललेला नाही. 'चंदन आलं' म्हणून सगळ्या ताठ बसायच्या. मला राग यायचा नाही, उलट गंमत वाटायची.

पुढं मंगल एका दवाखान्यात वॉर्डातली आया झाली, लग्न झालं, नवरा अशोक कंपनीत लागला. दोघं, सासू आणि एक मुलगी अशी चौघं एका खोलीत राहायची. अशा खोल्यांची एक रांगच होती. मी एकदा तिच्याकडं गेले होते, मुलीच्या वाढदिवसाला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी, त्यांना ताजे हार, फरशी लखलखीत पुसलेली. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की घाण. पूर्ण रांगेला मिळून एक संडास, त्याची किल्ली घरमालकाच्या ओट्यावरच्या खिळ्याला. जायचं तर मालकासमोरून जायचं, किल्ली काढायची, आणि तो पेपर खाली करून बघणार. आतली कडी मोडलेली, म्हणून बरोबर कुणाला तरी न्यायचं, दार धरायला. मालकाला कडीचं सांगितलं की तो म्हणायचा, एवढं घाईचं काय आहे. मी तिथला केक खाऊ शकले नाही.

मंगल मला तेव्हा म्हणाली, "बाई, घर म्हंजी मला काय पायजे सांगू? सवताचा संडास. आतून कडी लागंल आसा. बाकी चार पत्रे कुटं बी ठोकू आमी."

तर आराखड्याच्या पहिल्या नकाशात हे झालं होतं. खरंच झालं होतं. कुणी का असेना, एका शहाण्या माणसानं रस्त्यालगतचं, उंचावरचं एक मोठं वावर पिवळं रंगवून त्यावर लिहिलं होतं, लहान घरांसाठी राखीव. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ, शाळा समोर, रिक्षाचा थांबा तिथंच. जमीन उंच, पाणी साचायची भीती नाही. मालकाला सरकार मोबदला देणार. मंगलनं त्या नकाशाची प्रत माझ्या टेबलावर पसरली आणि तिचं बोट त्या पिवळ्या चौकोनावरून हलेना.

नकाशा जाहीर झाला की एक समिती बसते आणि लोकांच्या हरकती ऐकते. त्या दिवशी मी पहिल्यांदा आपल्या लोकांना एका ठिकाणी बसलेलं बघितलं, आणि मला जी शिसारी आली ती आजपर्यंत गेलेली नाही. शाळा पाहिजे, पण शेजाऱ्याच्या रानात. रस्ता पाहिजे, पण माझ्या बांधापासून वाकवा. मैदान पाहिजे, पण माझा तुकडा सोडून. स्मशान? नावच काढू नका, आम्ही मरणारच नाही. एक गृहस्थ सोन्याच्या अंगठ्यांनी भरलेला हात वर करून म्हणाले, गरिबांना घरं मिळालीच पाहिजेत, मी स्वतः गरिबीतून आलोय, पण ती आमच्या कॉलनीच्या मागं नकोत, आमच्यात मुली आहेत. जणू मंगलची मुलगी मुलगी नव्हती. मी उठले आणि खोल्यांच्या रांगेबद्दल बोलले, किल्लीबद्दल बोलले, मोडलेल्या कडीबद्दलही बोलले. संडास हा शब्द उच्चारल्यावर पुढच्या ओळीतल्या दोघांनी नाकाला रुमाल लावला.

समितीचे साहेब मात्र सज्जन दिसले. म्हणाले, "बाई, आपण प्रत्यक्ष जागेवर जाऊ. कागदावर काही कळत नाही. तुम्हीही या." मला बरं वाटलं. भूगोलाच्या बाईला जागा बघायची म्हटलं की बरंच वाटणार.

ते वावर ज्यांचं होतं त्यांना सगळे नाना म्हणत. नाना माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. आम्ही पोहोचलो तेव्हा बांधावर सतरंज्या, उशा, तक्के. आगटी पेटलेली. पितळी ताटांत चटण्या, दही, रेवड्या, उसाची कांडकी. समितीची माणसं गाडीतून उतरली ती सरळ सतरंजीवर. शाळू डोक्याच्या वर वाढलेला. आत शिरलं तर हातभरापलीकडचं दिसेना. जमीन कुठं चढते, कुठं उतरते, पलीकडं काय आहे, काही कळायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, आपण जरा कडेकडेनं फिरून येऊ, ओढ्याची बाजूही बघू. साहेब म्हणाले, "बाई, आधी हुरडा. गार झाला तर मजा नाही."

मीही खाल्ला. हुरडा समोर आल्यावर हात मागं घेणारं माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचंय. गूळभेंडी जातीचा, खास हुरड्याचाच होता, दाणा जिभेवर ठेवताच विरघळत होता. साहेबांनी डोळे मिटले. बोटाला लागलेली चटणी चाटत म्हणाले, "नाना, काय गोडी आहे हो."

"आवं, गोड आसनारच," नाना म्हणाले. "कोल्हारहून आनलाय पावन्यांसाटी. आमचा आजून चिकात आला न्हाई. दोन आठवडं लागत्याल. आन् ह्यो सादा हाय, भाकरीचा. ह्याचा हुरडा काय खरा न्हाई."

सगळे हसले. साहेबही हसले. नानांनी काही लपवलं नव्हतं, उलट पाहुण्यांसाठी किती लांबून आणला हे कौतुकानं सांगितलं होतं. पोती तिथंच बांधाला टेकून उभी होती. पुन्हा ताटं भरली गेली. आणि मग तृप्त होऊन, उसाचं कांडकं दातात धरून साहेब त्या शाळवाकडं बघत म्हणाले, "अशा जमिनीवर घरं बांधायची म्हणजे पाप आहे."

मला वाटलं ते थट्टा करतायत. मी म्हटलं, "साहेब, हुरडा कोल्हारचा आहे."

"हो हो," ते म्हणाले, "पण जमीन बघा ना, केवढी काळीशार. हुरड्याची जमीन आहे ही, बाई. आपण आपली शेती नाही जपायची तर कुणी जपायची?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाला तरी वडील आठवले, कुणाला आजोळ. एकाचे तर डोळे पाणावले. ज्यांनी आपापली वावरं कधीच प्लॉट पाडून विकली होती, त्यांना नानांच्या वावरात काळी आई दिसायला लागली. कोल्हारच्या प्रवरेचं पाणी पिऊन वाढलेला हुरडा खायचा आणि त्यावरून नगरच्या कडेच्या कोरडवाहू वावराची सुपीकता ठरवायची, हे फक्त आमच्याकडंच होऊ शकतं. पोट भरलं की आम्हाला सगळं पटतं.

पुढं अहवालात लिहून आलं की सदर जमीन अत्यंत सुपीक असल्याने ती हरित पट्ट्यात ठेवणे इष्ट, लहान घरांचे आरक्षण लगतच्या पर्यायी जागेवर हलवावे. लगतची पर्यायी जागा म्हणजे ओढा. वावराच्या खालच्या अंगाला, जिथं सगळ्या शिवाराचं पाणी येऊन मिळतं तो ओढ्याचा काठ. मेलेली कुत्री तिथं टाकत, कोंबडीवाले पिसांची पोती तिथं रिकामी करत. ती जागा त्या दिवशी कुणी बघितलीच नव्हती, कारण मध्ये शाळू उभा होता. मी पत्रं लिहिली, चकरा मारल्या, ज्याच्या त्याच्या दारात उभी राहिले. प्रत्येकानं मला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण शेतीही वाचली पाहिजे ना. शेती. या शब्दापुढं आपल्याकडं कुणाचं काही चालत नाही.

मंगलला हे मीच सांगितलं. ती वॉर्डातून ड्यूटी संपवून आली होती, हाताला फिनेलचा वास. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "बाई, पानी कुटं जानार ते तुमीच शिकवलं हुतं." एवढंच बोलली आणि मुलीला घ्यायला गेली.

शेती काही वाचली नाही, हे सांगायची गरज आहे का? वर्षं गेली. नाना वारले. त्यांच्या मुलांनी वावर विकलं, हिरव्याचं पिवळं कधी आणि कसं झालं ते कुणालाच आठवत नाही, हरकत घ्यायला कुणी बसलं नाही आणि कुणाचे डोळेही पाणावले नाहीत. आता तिथं रो-हाऊसेस आहेत. कमानीवरच्या नावात 'शिवार' आहे. आत लॉन आहे, कारंजं आहे, आणि एका कोपऱ्यात रंगवलेलं बैलगाडीचं चाक टेकवून ठेवलंय, फोटो काढायला.

आजूबाजूला तर आणखी बघवत नाही. कमानीच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंनी मोकळे प्लॉट. तारेचं कुंपण, मधोमध वेडी बाभूळ, पाटीवर मालकाचं नाव आणि खाली 'सदर प्लॉट विकणे नाही'. मालक पुण्याला, मुंबईला, एक तर म्हणे दुबईला. भाव वाढायची वाट बघत जमीन तशीच पडलीय. दिवसा डुकरं, रात्री बाटल्या. मंगलसारख्यांची शेकडो घरं मावतील एवढी जागा समोर दिसते आणि तिथं कुणी राहत नाही. आणि मग वर्तमानपत्रात बातमी येते की शहराला घरांसाठी जमीन कमी पडते, हद्द वाढवली पाहिजे, आणखी शेतं घेतली पाहिजेत. ताटात वाढलेलं उष्टं टाकायचं आणि आणखी वाढ म्हणायचं, तसला प्रकार. मला तर वाटतं, या माणसांना भूक नाहीच, नुसती हाव आहे.

त्या 'शिवारा'तलं शेवटचं रो-हाऊस माझ्या मुलाचं आहे. समीरनं ते घेतलं तेव्हा आमची कडाक्याची भांडणं झाली. मी त्याला सगळं सांगितलं, नाना, हुरडा, ओढा. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आई, मान्य. पण मग मी कुठं घेऊ? तू मला दुसरी जागा दाखव. तुझ्या फ्लॅटच्या दोन खोल्यांत आपण चौघांनी किती दिवस राहायचं?" त्यालाही घर पाहिजे होतं, त्याचं काय चुकलं? एवढ्या मोठ्या परिसरात त्याच्यासारख्यालाही नीट जागा मिळू नये, आणि जी मिळावी ती दुसऱ्याच्या तोंडातून काढलेली, असं करून ठेवलंय आम्ही हे गाव. घरभरणीला मी पास्टरबाईंबरोबर गेले, प्रार्थनेला मान खाली घातली आणि जेवून परत आले.

दर जानेवारीत नातीच्या हट्टामुळं मी आठ-दहा दिवस तिकडं राहायला जाते. या वर्षी गेले तर लॉनवर हुरडा महोत्सव. आता तिथं शाळू नाही, म्हणून कुठून तरी टेम्पोनं कणसं आणलेली. आगटीऐवजी गॅसची शेगडी, कारण धुरानं लॉन काळं पडतं असा सोसायटीचा नियम. स्पीकरवर लावण्या. हुरडा चोळायला गावातल्या बायका बोलावलेल्या, त्यांना नऊवारी नेसायला लावलेली. थर्माकोलच्या ताटल्यांत हुरडा आणि त्यावर चीज किसलेलं. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईनं त्यावर शेजवान चटणी ओतली. माईकवर एक गृहस्थ सांगत होते, "आपण सगळे शेवटी मातीतली माणसं. ही माती किती पुण्यवान आहे बघा, इथं पूर्वी हुरड्याची शेती होती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातीला सुनेकडं दिलं आणि मी घराच्या मागच्या अंगाला गेले, नुसती हवा घ्यायला.

मागं उंच भिंत आहे. तिच्या बुडाशी एक जाड पाईप पलीकडं जातो. शहराची गटारलाईन अजून आलेली नाही, ती येईपर्यंत तात्पुरतं म्हणून बिल्डरनं या टोकाच्या घरांच्या न्हाण्यांचं पाणी ओढ्याकडं काढून दिलंय. तात्पुरतं होऊन पाच-सहा पावसाळे झाले. भिंतीपलीकडून तो वास आला आणि मला एकदम आठवलं, मंगलचं घर इथंच कुठंतरी. तिला जागा मिळाली हे मला माहीत होतं, फोन व्हायचे. पण ती मला घरी बोलवायची नाही, काहीतरी कारण काढायची. मी कमानीबाहेर पडून, बाभळींच्या प्लॉटांना वळसा घालून खाली उतरले.

ओढ्याच्या काठानं घरांची ओळ. विटांची, काही पत्र्याची, दारात तुळस, कुठं बोगनवेल. समोर काळं पाणी, त्यावर साय धरलेली, पिशव्या, डास. भिंतींवर कंबरेइतक्या उंचीवर परतीच्या पावसाच्या पुराची रेघ. मंगल दारात वाल सोलत बसली होती. केस पांढरे झालेत, बाकी तीच. मला बघून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"या बाई," ती म्हणाली. "म्हनलं, आज-उद्या येतीलच."

"तुला काय माहीत मी आलेय ते?"

"मंगळवारी आलात ना?"

मी मंगळवारीच आले होते. मी म्हटलं, "समीर भेटला का तुला?"

"न्हाई वो. दादांची आन् माजी कुटं गाठ पडतीय." तिनं बसल्या जागेवरून हात लांबवून दाखवलं. तिच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर भिंतीतून तो पाईप बाहेर आला होता. त्याच्या तोंडाशी पांढरा फेस, तिथून एक चर तिच्या दारासमोरून ओढ्यात. "वास आला की. चंदनाचा. शाळंत यायचा तसाच. मी आशोकला म्हनलं बी, आमच्या बाई आल्या."

मी पाईपावरून वर, भिंतीपलीकडच्या समीरच्या घराकडं बघितलं.

ती वाल सोलत राहिली. "एरवी सूनबाईंचा लिंबाचा आसतो. दादांचा कायतरी थंडाव्याचा हाय, नाकाला झोंबतो. पावने आले की लई फेस येतो." मग माझ्या तोंडाकडं बघून ती हसली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "बसा ना बाई. तुमचा आला की बरं वाटतं उलट. उदबत्ती लावल्यागत. निदान दोन घटका दार तरी उगडं ठेवता येतं."

तिनं मला आत नेलं. घर नीटनेटकं, भिंतीवर त्याच तसबिरी, आता पुराच्या रेघेच्या वर टांगलेल्या. चहा केला. तक्रार एका शब्दानं नाही. निघताना मात्र ती मला मागच्या बाजूला घेऊन गेली आणि एक निळं पत्र्याचं दार उघडून दाखवलं. आत पांढऱ्या फरशा, कोरडी, घासून घासून चकचकीत केलेली. दाराला आतून पितळी कडी. तिनं ती सरकवून दाखवली, पुन्हा काढली. "बघा," ती म्हणाली. "कुनाची किल्ली मागाया नको."

मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री समीरशी बोलले. तो मनापासून म्हणाला, आई, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढतो. मला त्या मीटिंगा माहीत आहेत. तिथंही ताटं असतील.

सकाळी न्हाणीत गेले. गरम पाणी, स्टीलची बादली, कोनाड्यात सुनेचा लिंबाचा साबण, समीरचा थंडाव्याचा शाम्पू, आणि माझी चंदनाची वडी. सवयीनं हात तिच्याकडं गेला. अंगाला साबण लावला, पहिला तांब्या ओतला. पाणी जाळीवर जमलं, गोल फिरलं आणि घळघळत खाली गेलं. मी ऐकत राहिले. आत्ता ते भिंतीखालून जात असेल. मंगल या वेळेला अंगण झाडत असेल, मान वर करेल, अशोकला म्हणेल, बाई उठल्या.

मी नळ बंद केला. अंगावरचा फेस तसाच वाळू दिला आणि टॉवेलानं पुसून बाहेर आले. दिवसभर अंग खाजत होतं.